रंगाची सुई आणि कोडाचे रुग्ण

कातडी सावळी करणारी सुई निघाली आहे आणि युरोप-अमेरिकेतील तरुण मंडळी ती पैसे मोजून टोचून घेत आहेत, असे देगलूरच्या बाजारात कोणी सांगितले तर ऐकणारा प्रथम हसेल. वैशाखात जेथे दुपारी रस्ते ओस पडतात आणि मुलीच्या स्थळाची चौकशी करताना 'रंगाने उजळ आहे ना' हा प्रश्न शिक्षणाच्या आधी विचारला जातो, तेथे विकतचा सावळेपणा कोणाला हवा असणार? तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेवर वसलेल्या या तालुक्यात रंगाचा बाजार आहे, पण तो उलट्या दिशेने चालतो. गोरे करणारी मलमे, उजळपणाची इंजेक्शने, कोणत्या तरी नातेवाइकाने शहरातून आणलेली विनानावाची डबी, एवढाच त्याचा माल.

हे हसू एका घराच्या दाराशी मात्र थांबते. ज्या घरात कोणाच्या तरी ओठावर, बोटांच्या टोकांवर किंवा पापणीवर पांढरा डाग उठला आहे, त्या घराला गेलेला रंग परत आणणारी कोणतीही वस्तू हवीच असते. कोडाचे प्रमाण जगभर शेकडा अर्धा ते दोन असे मानले जाते. त्यातील खालचा आकडा धरला तरी पन्नास हजारांहून अधिक लोकवस्तीच्या देगलूर शहरात अडीचशेंच्या आसपास माणसे कोडाची असली पाहिजेत, आणि तालुक्यातील खेडी त्यात धरलेली नाहीत. सावळेपणाच्या सुईला या भागात गिऱ्हाईक मिळायचे असेल तर ते येथेच मिळेल. म्हणूनच ही सुई काय करते, आणि विशेषतः कोडाच्या रुग्णाला काय करील, याचा विचार ती येऊन पोहोचण्यापूर्वी झालेला बरा.

त्वचेचा रंग हा शरीरावर बाहेरून दिलेला लेप नव्हे. तो शरीरातील एका मोठ्या कारभाराचा दृश्य भाग आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत, आणि खुद्द त्वचेतही, तेरा अमिनो आम्लांच्या साखळीचे एक संप्रेरक तयार होते. ते रंगपेशींना मेलॅनिन बनविण्याची आज्ञा देते. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी या संप्रेरकावर मूलगामी काम केले. १९६१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते माणसांना टोचून त्वचा काळवंडते हे दाखवून दिले. याच लर्नर यांनी १९५८ मध्ये मेलॅटोनिन हे द्रव्य शोधले होते, आणि त्यामागे कोडासारख्या विकारावर काही सापडेल ही आशा होती. मेलॅटोनिनचा उपयोग पुढे झोपेसाठी झाला. कोड तसेच राहिले. या शास्त्राच्या उगमापाशीच कोडाचा रुग्ण उभा होता, याची आठवण आज त्या शास्त्राचा व्यापार करणाऱ्यांना नाही.

नैसर्गिक संप्रेरक शरीरात काही मिनिटांतच मोडते. अॅरिझोना विद्यापीठातील व्हिक्टर ह्रुबी आणि मॅक हॅडली यांच्या गटाने १९८० साली साखळीतील दोन दुवे बदलून त्याचे अधिक टिकाऊ आणि अधिक जोरकस रूप तयार केले. बेडकाच्या कातडीवर त्याचा परिणाम तपासला जाई. कातडी काळी पडली म्हणजे द्रव्य लागू पडले. हेतू चांगला होता. ज्यांची त्वचा उन्हात भाजते त्यांना उन्हाशिवाय रंग मिळाला तर त्वचेच्या कर्करोगापासून बचाव होईल, असा तो विचार होता. या पहिल्या रूपातून पुढे अफामेलॅनोटाइड हे औषध आले. साखळीची टोके जुळवून कड्यासारखे केलेले दुसरे, आखूड रूप निघाले, ते मेलॅनोटॅन-२. आज चोरट्या बाजारात फिरते ते हेच दुसरे.

या दुसऱ्या रूपाचा खरा स्वभाव त्याच्या जन्मदात्यांनाच प्रथम कळला. हॅडली यांनी ते स्वतःला टोचून घेतले आणि चुकून ठरविलेल्या मात्रेच्या दुप्पट मात्रा गेली. मळमळ आणि उलटी तर झालीच, शिवाय पुरुषेंद्रियाची ताठरता आठ तास उतरली नाही. रंगाच्या औषधाने असे का व्हावे? कारण ही किल्ली एकाच कुलपाची नाही. या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी पाच प्रकारची ग्राहीस्थाने शरीरात आहेत. रंगपेशींवरचे ते त्यांपैकी केवळ एक. दोन मेंदूत बसलेली आहेत आणि भूक, कामेच्छा, रक्तदाब यांच्या कारभारात त्यांचा हात आहे. मेलॅनोटॅन-२ पाचांपैकी चार कुलपे उघडते. याच घराण्यातील एक द्रव्य २०१९ मध्ये अमेरिकेत स्त्रियांतील कामेच्छेच्या अभावावरील औषध म्हणून मान्य झाले, आणि दुसरे २०२० मध्ये काही आनुवंशिक स्थूलतेवर भूक आवरण्यासाठी. भूक आवरणाऱ्या त्या औषधाने रुग्णांची त्वचा काळवंडते, हे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. रंगासाठी घ्यावे तर मेंदू हलतो आणि भुकेसाठी घ्यावे तर रंग बदलतो.

अफामेलॅनोटाइडची वाट वेगळी झाली. उन्हाचा कवडसाही ज्यांना असह्य वेदना देतो अशा एका दुर्मीळ आनुवंशिक रक्तविकाराच्या प्रौढ रुग्णांसाठी युरोपने २०१४ मध्ये आणि अमेरिकेने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला संमती दिली. तांदळाच्या दाण्याएवढी, १६ मिलिग्रॅमची कांडी प्रशिक्षित डॉक्टरने त्वचेखाली बसवायची आणि अंगावरच्या तिळांची नियमित तपासणी करायची, ही त्या संमतीची चौकट आहे. मेलॅनोटॅन-२ ला मात्र कोणत्याही प्रमुख औषध-नियामकाने आजवर मान्यता दिलेली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये आणि ब्रिटनच्या प्रशासनाने २००८ मध्ये त्याविरुद्ध इशारे दिले, ऑस्ट्रेलियानेही दिले. तरी ते विकले जाते. कुपीत पांढरी पूड असते, घेणाऱ्याने ती स्वतः पाण्यात कालवायची आणि इन्सुलिनच्या सिरिंजने पोटाच्या कातडीत टोचायची. ज्यांना सुईचे भय वाटते त्यांच्यासाठी नाकात मारण्याचे फवारे निघाले आहेत. वेष्टनावर 'केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नव्हे' असे छापलेले असते. विकणारा, घेणारा आणि छापणारा या तिघांनाही ते वाक्य खोटे असल्याचे ठाऊक असते. १० मिलिग्रॅम असे लिहिलेल्या कुप्या प्रयोगशाळेत तपासल्या तेव्हा एकीत साडेचार मिलिग्रॅमही भरले नाही, दुसरीत पावणेनऊच्या वर निघाले, आणि दोहोंत ओळख न पटलेली भेसळ होती.

दुष्परिणामांत मळमळ, चेहरा लाल होणे आणि भूक मरणे ही तर रोजचीच. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार आल्याची, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटल्याची आणि कित्येक तास न उतरणाऱ्या ताठरतेमुळे रुग्णालयात जावे लागल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. जुने तीळ काळे होतात, नवे उठतात, आणि क्वचित एखाद्या तिळाचा मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा घातक कर्करोग, निघाल्याच्याही नोंदी आहेत. सुईमुळेच तो झाला असे सिद्ध झालेले नाही. हे द्रव्य घेणारी माणसे बहुधा उन्हात आणि कृत्रिम दिव्यांखालीही भरपूर पडलेली असतात, त्यामुळे दोष कोणाचा हे वेगळे काढणे अवघड आहे. परंतु सगळेच तीळ एकाच वेळी काळे पडले तर त्यांतला धोक्याचा तीळ ओळखावा कसा, हा प्रश्न डॉक्टरपुढे उभा राहतो आणि त्याला सोपे उत्तर नाही. भारतीयांत मेलॅनोमा कमी आढळतो. आढळतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा तळहातावर असतो. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाकडे बघतो कोण?

आता कोडाच्या रुग्णाकडे वळू. त्याच्या दृष्टीने विचार केला तर सुईचे आकर्षण सरळ आहे. रंग गेला आहे, सुई रंग आणते, म्हणून सुई घ्यावी. या युक्तिवादात एकच खोट आहे, पण ती मूळावर घाव घालणारी आहे. कोड म्हणजे रंगपेशींना आज्ञा न मिळणे नव्हे. शरीराच्या संरक्षक पेशींनीच रंगपेशींवर हल्ला करून त्यांचा नाश केलेला असतो. पांढऱ्या डागात आज्ञा ऐकणारे कोणी उरलेले नसते. संप्रेरकाची सुई टोचली की ती आज्ञा सर्वांगात फिरते, आणि जेथे रंगपेशी शाबूत आहेत ती निरोगी त्वचा अधिक काळी होते. डाग तेवढाच पांढरा राहतो. भोवतीचा काळोख वाढल्यामुळे तो अधिक उठून दिसतो. जे झाकण्यासाठी माणसाने पैसे मोजले ते त्याच पैशांनी चव्हाट्यावर येते. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णाच्या माणसाच्या बाबतीत, म्हणजे मराठवाड्यातील बहुतेक सर्वांच्या बाबतीत, हा फरक सर्वांत तीव्र असणार.

हा केवळ तर्क नाही. अफामेलॅनोटाइडची कोडावरील जी चाचणी २०१५ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगाच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाली तिच्यात ५५ रुग्ण होते. काहींना फक्त नॅरोबँड यूव्हीबी या अतिनील किरणांचे उपचार दिले आणि काहींना किरणांच्या जोडीला महिन्याला एक याप्रमाणे चार कांड्या दिल्या. २४ आठवड्यांनंतर नुसत्या किरणांनी सरासरी ३३ टक्के रंग परतला आणि जोडीच्या उपचाराने ४८ टक्क्यांवर. फायदा सावळ्या वर्णाच्या रुग्णांत अधिक ठळक होता, ही बाब भारतीय वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. पण याच चाचणीत निरोगी त्वचा काळवंडल्याचीही नोंद झाली. औषध तयार करणाऱ्या कंपनीने पुढे मोठ्या चाचण्या हाती घेतल्या आहेत. उद्या कदाचित कोडाला त्यातून काही चांगले मिळेलही. तथापि चाचणीतील आकडे नीट वाचले तर ते एक वेगळीच गोष्ट सांगतात. रंग परत आणण्याचे मूळ काम किरणांनी केले, कांडीने त्याला हातभार लावला. केसांच्या मुळांशी दडून बसलेल्या कोवळ्या रंगपेशींना किरण जागे करतात, त्या वर सरकतात आणि डागात मिरीएवढे ठिपके उमटू लागतात. म्हणून केस असलेल्या चेहऱ्यावर गुण लवकर येतो, तर ओठ, बोटांची टोके अशा बिनकेसाच्या जागा हट्टी राहतात. किरणांवाचून नुसती सुई घेणारा रुग्ण उपचाराचा गाभा टाकून साल तेवढे विकत घेतो.

मग किरणोपचारच का घेऊ नयेत? येथे प्रश्न वैद्यकशास्त्रातून निघून एस.टी.च्या वेळापत्रकात शिरतो. नॅरोबँडचे उपचार आठवड्यातून दोन-तीनदा आणि किमान सहा महिने घ्यावे लागतात. दिव्यापुढे उभे राहण्याचा वेळ प्रत्येक खेपेस काही मिनिटांचा. देगलूरहून नांदेड सुमारे ८० किलोमीटर. तेथील विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वाटेवर आठवड्यातून दोनदा गेले तरी सहा महिन्यांत ५२ फेऱ्या आणि आठ हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. प्रत्येक फेरीला एक दिवस जातो. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत शेतमजुराने ५२ दिवसांची मजुरी सोडायची ती काही मिनिटांच्या उजेडासाठी! शाळकरी मुलीचे वर्ष बुडते, आणि आठवड्यातून दोनदा ती कोठे जाते हे गावाला सांगावे लागते, जे सांगणे टाळण्यासाठीच तर सारी धडपड असते. उदगीर, बीदर किंवा हैदराबाद गाठावे म्हटले तरी हिशेब फारसा बदलत नाही. उपचार आठव्या-दहाव्या फेरीला सुटतो. मग गुण आला नाही म्हणून दोष उपचाराला लागतो, आणि दारात जो कोणी 'तीन सुयांत खात्री' घेऊन येईल त्याच्यासाठी जागा रिकामी होते.

ही जागा अनेक शतके कोणी ना कोणी भरीत आले आहे. अथर्ववेदात त्वचेवरील पांढऱ्या डागांविरुद्ध काळ्या वनस्पतीला साद घालणारी सूक्ते आहेत. आयुर्वेदातील बावचीचे बी आणि ऊन ही जोडी तर खरोखर गुणकारी ठरली. तिच्यातील सोरालेन हे द्रव्य आधुनिक वैद्यकानेही स्वीकारले आणि उन्हासह ते देण्याची पद्धत भारतातील रुग्णालयांत दीर्घकाळ चालली. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही. पण मात्रा चुकली तर कातडी फोडांनी भरून येते, हेही बावचीचा लेप देखरेखीवाचून लावणाऱ्या कित्येकांनी सोसले आहे. यापलीकडे आहेत ती भिंतींवर रंगविलेली 'पांढऱ्या डागांवर हमखास इलाज' ही वाक्ये. १९५४ च्या औषधिद्रव्ये व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत कोडाचा समावेश आहे. म्हणजे अशी जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. सात दशके हा कायदा अमलात आहे आणि भिंती मात्र रंगतच आहेत. वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींचे रकानेही या बाबतीत सोवळे नव्हते, हे वृत्तपत्राच्या पानावर लिहिताना लपविण्यात अर्थ नाही.

सुई भारतात येणारच नाही असे समजण्याचे कारण नाही, कारण तिच्या उलट्या दिशेची भावंडे आधीच येऊन पोहोचली आहेत. उजळपणासाठी ग्लुटाथायोनची इंजेक्शने शिरेतून देण्याची टूम शहरांतील सौंदर्य-चिकित्सालयांतून निघाली. स्टेरॉइडची मलमे लोक गोरेपणासाठी वर्षानुवर्षे तोंडाला लावीत आले. चेहरा पातळ, लाल आणि लवयुक्त होऊन मलम सोडले की जळजळ होते, अशा रुग्णांची गर्दी एवढी वाढली की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर केंद्राने मार्च २०१८ मध्ये अशी १४ मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. अकोल्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२२ मध्ये तेथील एकाच घरातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा त्या तिघी वापरीत असलेल्या गोरेपणाच्या मलमापाशी पोहोचला. त्यात पारा होता. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात एका रुग्णालयाने मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले. त्यांतील १५ जणांत एकच दुर्मीळ खूण सापडली आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे मलम वापरल्याचे सांगितले. मलम चेहऱ्याला लावलेले, आजार मूत्रपिंडाचा. त्वचेला लावलेले त्वचेपुरतेच राहते हा समज अकोल्यात आणि मलप्पुरममध्ये सारखाच महागात पडला.

देगलूरला याहून एक जास्तीची अडचण आहे. औषध निरीक्षकाचा अधिकार राज्याच्या सीमेवर संपतो. येथून काही किलोमीटरवर तेलंगणचा औषध विभाग सुरू होतो, दुसऱ्या बाजूला कर्नाटकाचा. सुट्टीच्या दिवशी सीमेपलीकडे खरेदीला जाण्याची रीत निजामाच्या राज्यात हा सारा मुलूख एक होता तेव्हापासूनची आहे, आणि भाषा, नाती व बाजार यांनी ती सीमा कधी मानलेली नाही. एखादी कुपी एका राज्यात विकली जाऊन दुसऱ्यात टोचली गेली आणि तिच्या परिणामांवर तिसऱ्यात उपचार झाले, तर तक्रार कोणत्या कार्यालयात करायची? कुरिअरने घरपोच येणाऱ्या पाकिटाला तर एवढीही सीमा लागत नाही. मान्यता नसलेले नवे औषध विकणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांखाली बेकायदा आहे. कायद्यात उणीव नाही. परंतु 'संशोधनासाठी' असा शिक्का असलेल्या पुडीकडे औषध म्हणून पाहायचे की रसायन म्हणून, या वादात पहिले काही महिने सहज निघून जातील आणि तेवढा अवधी विकणाऱ्याला पुरतो.

अंमलबजावणी कडक करा, ही मागणी अग्रलेखांतून इतक्यांदा झाली आहे की तिच्यातील धार गेली आहे. शिवाय धाडींनी पुरवठा तात्पुरता अडतो, गरज अडत नाही. गरज कोठून येते हे पाहिले पाहिजे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने कोड हा संसर्गजन्य नसलेला, जिवाला धोका नसलेला विकार आहे. समाजाच्या दृष्टीने मात्र तो लग्न मोडणारा, नोकरीच्या मुलाखतीत नजर खिळविणारा आणि पंगतीत शेजारची जागा रिकामी ठेवणारा आहे. याचे अर्धे पाप शब्दांचे. 'श्वेतकुष्ठ' या जुन्या नावाने कोडाला कुष्ठरोगाच्या पंगतीत नेऊन बसविले, वास्तविक दोहोंचा काडीचा संबंध नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असू नये असे संसदेने २०१९ मध्ये ठरविले; कोडाचे नाव तर त्या कलमात कधीच नव्हते, तरी किती संसार त्यावरून मोडले याची मोजदाद कोणी केलेली नाही. पुण्यातील डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता' ही संस्था स्थापून कोडाच्या रुग्णांना एकमेकांसमोर बोलते केले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा चित्रपट याच विषयावर आहे. त्यातील नायिका स्वतः डॉक्टर आहे आणि तिच्या चेहऱ्यावर कोड आहे. पुण्यातील हे काम मोठे आहे. पण त्याचा आवाज बालाघाटाच्या डोंगररांगा ओलांडून सीमेवरच्या तालुक्यांपर्यंत क्षीण होत पोहोचतो.

गरजेचे दुसरे अर्धे मूळ अंतरात आहे, आणि ते शब्दांपेक्षा लवकर दुरुस्त होण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये ५१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना हातात धरण्याचे छोटे नॅरोबँड यंत्र घरी दिले होते. नुसत्या मलमाने १७ टक्के रुग्णांना समाधानकारक गुण आला, तर मलम आणि घरचे यंत्र यांच्या जोडीने २७ टक्क्यांना. हे आकडे चमत्काराचे नाहीत. कोडावर चमत्कार नाही, एवढेच ते प्रामाणिकपणे सांगतात. अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये मान्य झालेले रुक्सोलिटिनिबचे मलम काही रुग्णांत चांगला गुण देते, पण त्याची किंमत पाहिली तर ते तूर्त वर्तमानपत्रात वाचण्यापुरतेच. डाग वर्षभर स्थिर असतील तर निरोगी त्वचेचे सूक्ष्म तुकडे डागात लावण्याची शस्त्रक्रिया भारतातच चांगली होते. पण या सर्वांत तालुक्याच्या गावी नेता येईल अशी वस्तू एकच, आणि ती म्हणजे दिवा. शिकविलेल्या परिचारिकेच्या हाती तो सुरक्षित राहतो, त्याला औषधांचा साठा लागत नाही आणि दररोज डॉक्टरची हजेरीही लागत नाही. महिन्यातून एकदा नांदेडहून त्वचारोगतज्ज्ञ यावा, त्याने मात्रा ठरवून द्यावी आणि उरलेल्या खेपा देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हाव्यात, ही व्यवस्था क्षयरोग आणि मधुमेह यांसाठी शासनाला आजवर अशक्य वाटलेली नाही. उदगीरहून, मुखेडहून, बिलोलीहून रुग्ण तेथे आले तर दिवा रिकामा राहणार नाही.

तोवर निदान प्रवासाचे तरी पाहता येईल. राज्य परिवहन महामंडळ कर्करोग, क्षयरोग आणि कुष्ठरोग यांच्या रुग्णांना भाड्यात सवलत देते, डायलिसिसच्या रुग्णांनाही देते. समाजाने कोडाला कुष्ठरोगाचे नाव दिले तरी कुष्ठरोग्याची सवलत त्याला दिलेली नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मोजलेल्या २१ प्रकारांतही कोड बसत नाही. बसावे असा आग्रह धरणेही योग्य ठरणार नाही, कारण कोडाचा माणूस कोणत्याही कामाला असमर्थ नसतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चे भाडे अर्धे झाले आहे, त्यामुळे देगलूरची कोडाची मुलगी आज अर्ध्या भाड्यात नांदेडचा दिवा गाठू शकते. तिच्याच वयाचा, तोच डाग घेऊन तीच बस पकडणारा मुलगा ५२ फेऱ्यांचे पूर्ण भाडे भरतो.